वसतिगृहाच्या लिंकवरचं ट्रॅफिक प्रयोगशाळेत कसं उभं करावं

इंदुरात एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "काका, आमच्या वसतिगृहाला २०० एमबीपीएसची लिंक आहे आणि रात्री सगळं रखडतं. राउटरवर साधी रांग ठेवण्यापेक्षा एफक्यू-कोडेल (प्रवाहांना वेगवेगळ्या रांगा देणारी पद्धत) बरं, हे मला प्रयोगातून तपासायचं आहे. आधी आयपर्फ या कृत्रिम ट्रॅफिक सोडणाऱ्या साधनाने ३० टीसीपी प्रवाह ६० सेकंद चालवले, सगळ्यांना २० मिलिसेकंदांचा विलंब दिला. एफक्यू-कोडेल खूपच पुढे निघालं. मार्गदर्शक म्हणाले, हे ट्रॅफिक खरं नाही. मग परवानगी काढून वसतिगृहाच्या गेटवेवर एक तासाचं ट्रॅफिक पकडलं आणि ते जसंच्या तसं पुन्हा सोडणाऱ्या टीसीपीरिप्लेने प्रयोगशाळेतल्या २०० एमबीपीएस लिंकवर सोडलं. आता दोन्ही रांगा सारख्याच, विलंब जवळजवळ शून्य. खरं ट्रॅफिक दिल्यावर फरकच नाहीसा झाला. माझं कुठे चुकलं?"

तू काका म्हणालीस, म्हणून एकेरीतच लिहितो. तुझा दुसरा प्रयोग पहिल्यापेक्षा जास्त खरा वाटतो, पण मोठी चूक त्यातच आहे. ती उलगडली की पुढचा रस्ता बराच दिसेल, म्हणून तिथूनच सुरू करू.

गेटवेवर तू जी पॅकेट्स पकडलीस ती लिंक ओलांडून आलेली होती. डाउनलोडची खरी रांग लागते पलीकडे, सेवा देणाऱ्याच्या राउटरवर, जिथून २०० एमबीपीएसच्या तोंडात शिरायचं असतं. तिथे पॅकेट्स थांबली, काही गळाली, आणि उरलेली एकामागून एक तुझ्या गेटवेपर्यंत आली. म्हणजे तुझ्या नोंदीत कुठल्याही क्षणी २०० एमबीपीएसपेक्षा जास्त वेग असूच शकत नाही. असं आधीच गाळून आलेलं ट्रॅफिक पुन्हा २०० एमबीपीएसच्याच लिंकवर सोडलं, तर रांग लागणार कशी? गाळलेलं पीठ त्याच चाळणीतून पुन्हा गाळलंस, मागे काही उरलं नाही, इतकंच. त्यावरून चाळणी निकामी ठरत नाही.

(जाता जाता, खऱ्या बसवणीतही हे लक्षात ठेव. रांग तुझ्या गेटवेवर लागावी असं वाटत असेल तर तिथला वेग लिंकपेक्षा थोडा कमी, समज १९० एमबीपीएसवर, बांधावा लागेल. नाहीतर रांग पलीकडेच लागत राहील आणि तुझं एफक्यू-कोडेल रिकामं बसेल.)

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. टीसीपी, म्हणजे पॅकेट्स कधी आणि किती सोडायची हे ठरवणारा प्रोटोकॉल, रस्ता बघून चालतं. पॅकेट गळालं की वेग कमी करतं, पॅकेट पोचल्याची पावती लवकर आली की वाढवतं. रिप्लेमध्ये ही देवाणघेवाण नसते. पॅकेट्स नोंदवलेल्या वेळेला निघतात, समोर काहीही होवो. आपल्या सराफ्याचं, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराचं उदाहरण घे. शनिवारी रात्री अकराला एखाद्या भुट्टे के कीसवाल्याच्या गाडीसमोर उभं राहून दर मिनिटाला किती लोक आले याची यादी केली. आता मला विचारायचं आहे की त्याने दुसरी कढई लावली तर काय होईल. यादीत त्याचं उत्तर नाही. गर्दी पाहून पुढे गेलेले, घरच्यांना "इथे नको, गराडूकडे जाऊ" म्हणालेले लोक त्या यादीत नाहीतच. कढई वाढली की यादीच बदलेल. तुझ्या नोंदीचंही तेच आहे: ती त्या रात्रीच्या रांगेला दिलेल्या प्रतिसादाची नोंद आहे. रांग बदलून तोच प्रतिसाद पुन्हा वाजवता येत नाही. सॅली फ्लॉइड आणि व्हर्न पॅक्सन यांनी इंटरनेटचं अनुकरण करणं अवघड का आहे यावर २००१ साली लिहिलेल्या लेखात हाच इशारा दिला आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, आणि पुढचं सगळं त्याचाच विस्तार: पॅकेट्सची नक्कल करू नकोस. पॅकेट्स ज्यांच्यामुळे निघतात ते उभं कर, म्हणजे माणसं, त्यांनी मागितलेल्या फाइली, मधले थांबे, सर्व्हरपर्यंतची अंतरं. पॅकेट्स कधी निघायची ते तुझ्या प्रयोगशाळेतल्या खऱ्याखुऱ्या टीसीपीला ठरवू दे. पकडलेली नोंद फेकायची नाही. ती वाजवायची नाही, मोजायची आहे.

रिप्ले सरसकट वाईट नाही. जे यंत्र ट्रॅफिकच्या वेळेत ढवळाढवळ करत नाही, नुसतं बघतं, त्याच्यासाठी रिप्ले उत्तम: प्रवाह मोजणारं उपकरण, घुसखोरी ओळखणारी प्रणाली. तिथेही नोंद कुठून आली हे पाहावं लागतं. १९९९ सालच्या डार्पाच्या (अमेरिकेची संरक्षण-संशोधन संस्था) घुसखोरी-चाचणी संचात हल्ल्यांच्या पॅकेट्समध्ये टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकाने घटणारा अंक) १२६ आणि २५३ असे अंक होते, तर नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये बहुतांश १२७ आणि २५४. मॅहोनी आणि चॅन यांनी २००३ मध्ये हे दाखवून दिलं. नुसता टीटीएल बघणारा प्रोग्रॅमही त्या संचावर हुशार ठरला असता. आणि राउटर सेकंदाला किती पॅकेट्स पुढे ढकलतो एवढंच पाहायचं असेल तर ठरीव आकारांचं मिश्रण पुरतं. तुझा प्रश्न मात्र रांगेचा आहे, म्हणजे वेळेचा आहे, आणि तिथे यातलं काहीच चालणार नाही.

आता वेळेबद्दल. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवलं की फोन कॉल पॉयसाँ पद्धतीने येतात, म्हणजे एका सरासरी दराने पण एकमेकांशी संबंध न ठेवता. पुढे बरीच वर्षं पॅकेट्सनाही तोच नियम लावला गेला. पॉयसाँचा गुण असा की मोजणीची खिडकी मोठी केली की चढउतार मावळतात: खिडकी १०० पट केली तर सरासरीच्या तुलनेत चढउतार एक दशांश होतो. बेलकोर या अमेरिकेतल्या टेलिफोन-संशोधन संस्थेत लेलँड, ताक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी इथरनेटच्या लांबलचक नोंदी तपासल्या आणि १९९३ मध्ये आलेख मांडले, खिडकी ०.०१ सेकंदापासून १०० सेकंदांपर्यंत, पाच पातळ्यांवर. पाचही आलेख तितकेच खडबडीत. जवळून पाहा, लांबून पाहा, डोंगर तसेच. ते आलेख मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो.

हे मोजायला जो हर्स्ट अंक वापरतात तो नाईल नदीवरून आला आहे. हर्स्ट हे जलशास्त्रज्ञ, नाईलच्या पुराच्या शेकडो वर्षांच्या नोंदी त्यांच्यापुढे होत्या. भरपूर पाण्याची वर्षं सलग येतात, दुष्काळाचीही सलग येतात, मग धरण केवढं बांधावं, हा त्यांचा प्रश्न. आपल्या इंदूरच्या यशवंत सागर जलाशयाची पातळी दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात वाचणाऱ्याला तो वेगळा समजवावा लागत नाही. आणि बफर केवढा ठेवावा हा आपला प्रश्न अगदी तोच आहे. अंक ०.५ असेल तर पॉयसाँसारखं वागणं. ०.८ असेल तर खिडकी १०० पट केल्यावरही चढउतार एक दशांश न होता ०.४ च्या आसपास राहतो. पॉयसाँ धरून बफर ठरवला तर हिशेब चुकतो तो इथे.

हा खडबडीतपणा येतो कुठून, याचं उत्तर मात्र पॅकेट्समध्ये नाही, फाइलींमध्ये आहे. पॅक्सन आणि फ्लॉइड यांनी १९९५ मध्ये दाखवलं की माणसं बसायला येतात, म्हणजे सत्र सुरू होतं, तेवढं पॉयसाँ धरता येतं, फक्त तासागणिक दर वेगळा घ्यावा. पॅकेट्सना ते लागू नाही. पुढे बोस्टन विद्यापीठात क्रोव्हेला आणि बेस्तावरोस यांनी वेबच्या नोंदी तपासल्या, आणि फाइलींच्या आकाराला जड शेपूट आहे हे दिसलं: बहुतेक फाइली चिमुकल्या, थोड्या प्रचंड. अशा फाइली अनेक जण चालू-बंद, चालू-बंद ओढत राहिले की बेरीज आपोआप खडबडीत होते. त्यामुळे हर्स्ट अंक ०.८ देणारं यंत्र शोधत बसू नकोस. आकार आणि थांबे नीट दिलेस की तो अंक आपसूक येतो.

जड शेपूट म्हणजे काय ते एका हिशेबात बघ. परेटो वितरण घे, शेपटीचा घातांक १.२, सर्वांत लहान फाइल १० केबी. मध्यक येतो साधारण १८ केबी, सरासरी ६० केबी. सर्वांत मोठ्या एक टक्का फाइलींमध्ये एकूण बाइट्सपैकी ४६ टक्के बाइट्स असतात. दुसऱ्या टोकाला, लिनक्स टीसीपी सुरुवातीला एका दमात १० पॅकेट्स सोडतं, म्हणजे साधारण १४.६ केबी. यातल्या एक तृतीयांशाहून जास्त फाइली त्या पहिल्या दमातच संपतात. त्यांना गर्दी-नियंत्रण कधी भेटतच नाही. रांगेत त्या फक्त भरडल्या जातात.

आता तुझ्या आयपर्फच्या प्रयोगाकडे बघ. ३० प्रवाह, सगळे लांब, एकही फाइल कधी संपत नाही, एकही नवा प्रवाह मध्येच येत नाही. एफक्यू-कोडेलची खरी करामत अशी की नव्या, विरळ प्रवाहाला ते रांगेत पुढे घेतं. पान उघडण्याची विनंती कुणाच्या डाउनलोडमागे अडकत नाही. तुझ्या प्रयोगात विरळ प्रवाहच नव्हता. शिवाय ते प्रवाहांना मुळात १०२४ कप्प्यांत वाटतं. ३० प्रवाहांत फार तर एखाद-दुसरी जोडी एकाच कप्प्यात पडते, शेकडो प्रवाह असले की हे रोजचं. तुझा निष्कर्ष बरोबर निघेलही, पण जे तपासायचं ते तपासलंच गेलेलं नाही.

विलंबाचंही तसंच. त्यातलं कोडेल दोन अंकांवर चालतं: रांगेत थांबण्याचं ५ मिलिसेकंदांचं लक्ष्य, आणि ते ओलांडलेलं किती काळ चालवून घ्यायचं याची १०० मिलिसेकंदांची खिडकी. ही खिडकी इंटरनेटवरच्या जाण्यायेण्याच्या नेहमीच्या वेळा समोर ठेवून निवडली आहे. तू सगळ्यांना २० दिलेस, म्हणजे ती निवड कसोटीला लागलीच नाही. वर, सगळ्यांचा विलंब एकच असला की प्रवाह एका तालात चढतात आणि एका तालात पडतात. असा ताल खऱ्या लिंकवर दिसत नाही. इंदूरहून मुंबई रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आत आहे. तंतूतून प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच धरून चाल. अमेरिकेतला सर्व्हर २०० च्या पुढे. तुझ्या नोंदीतच याचं सोनं पडलं आहे: प्रत्येक जोडणीत जोडणी मागणारं पहिलं सिन पॅकेट गेलं आणि सर्व्हरचं उत्तर, म्हणजे सिन-अ‍ॅक, आलं यातला वेळ मोज, ते झालं गेटवेपासून सर्व्हरपर्यंतचं अंतर. सिन-अ‍ॅकपासून पुढच्या अ‍ॅकपर्यंतचा वेळ म्हणजे वाय-फायकडची बाजू. मात्र रात्रीच्या गर्दीत मोजलेस तर त्यात रांगेचाही वेळ मिसळलेला असेल. पहाटे चारचं ट्रॅफिक थोडंसं वेगळं पकड आणि अंतरं त्यातून घे.

मग माणसं. इथे एक निवड करावी लागते आणि बहुतेक जण ती नकळत करून बसतात. ३० जण ठरवले, प्रत्येक जण फाइल संपली की पुढची मागतो: ही बंद पद्धत. यात नेटवर्क मंद झालं की मागणीही आपोआप मंदावते आणि वाईट रांग बरी दिसते. उलट, सेकंदाला अमुक फाइली येणारच, आधीच्या संपोत न संपोत: ही खुली पद्धत. यात लिंक भरत आली की विलंब आकाशाला भिडतो. एकाच यंत्रणेवर या दोन पद्धतींची उत्तरं फार वेगळी येतात. वसतिगृह या दोन्हींच्या मधलं आहे. मुली जेवून खोलीत येतात तेव्हा लिंकला विचारून येत नाहीत, म्हणून सत्रं खुल्या पद्धतीने आण. सत्राच्या आत मात्र पान उघडल्याशिवाय पुढच्यावर बोट पडत नाही, तिथे बंद पद्धत ठेव, मध्ये वाचण्याचा थांबा दे.

भाराचा हिशेब सोपा आहे. २०० एमबीपीएसचा ७० टक्के भार म्हणजे १४० एमबीपीएस, सेकंदाला १७.५ एमबी. सरासरी फाइल ६० केबी धरली तर सेकंदाला साधारण २९० फाइली. ५०, ७०, ८५ आणि ९५ टक्के, असे चार भार तरी चालव. एकाच भारावरचा निष्कर्ष मी स्वीकारत नाही.

व्हिडिओला मॉडेल लावायच्या भानगडीत पडू नकोस. प्लेअर काही सेकंदांचा तुकडा ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो. रस्ता खराब दिसला की खालच्या दर्जाचा तुकडा मागतो. ही अक्कल कागदावर उतरवण्यापेक्षा एक व्हिडिओ तुकड्यांत कापून तुझ्याच सर्व्हरवर ठेव आणि पडदा नसलेले दहा-पंधरा खरे ब्राउझर त्यावर चालू ठेव. अपलोडही विसरू नकोस. रात्री चार्जिंगला लावलेले फोन फोटो वर चढवत असतात. त्या दिशेची रांग भरली की डाउनलोडच्या पावत्या तिच्यात अडकतात आणि डाउनलोडही बसतं. एकाच दिशेचं ट्रॅफिक देणाऱ्या प्रयोगात हे कधीच दिसत नाही.

आता यंत्रांबद्दल, कारण चांगलं मॉडेलही इथे वाया जातं. ग्राहक, राउटर, विलंब देणारं यंत्र आणि सर्व्हर वेगवेगळे ठेव. विलंब देणारं लिनक्सचं नेटएम रांगेच्याच इंटरफेसवर बसवू नकोस. त्याची स्वतःची मर्यादा मुळात १००० पॅकेट्सची असते. २०० एमबीपीएसवर एका दिशेला १०० मिलिसेकंद दिलेस तर वाटेत २.५ एमबी, म्हणजे १५०० बाइट्सची साधारण १६६७ पॅकेट्स असतात. नेटएम त्यातली ६०० च्या वर गुपचूप फेकेल आणि तू दोष रांगेला देशील. मर्यादा १०,००० कर. दुसरं, कार्डाची मांडणी बदलणाऱ्या ईथटूलने टीएसओ, जीएसओ, जीआरओ या पॅकेट्सचे गठ्ठे बांधणाऱ्या सोयी बंद कर. तुझी नोंद उघडून पॅकेटच्या लांबीचा स्तंभ पाहा. २०,००० किंवा ६०,००० बाइट्सची पॅकेट्स दिसली तर ती तारेवर कधी नव्हतीच, कार्ड आणि कर्नल यांनी मिळून बांधलेले गठ्ठे आहेत ते. ६४ केबीचा एक गठ्ठा २०० एमबीपीएसवर २.६ मिलिसेकंद घेतो. ज्या रांगेचं लक्ष्य ५ मिलिसेकंद आहे तिच्यासाठी हे लहान नाही.

ट्रॅफिक तयार झालं की आधी रुंद लिंकवर, कुठेही रांग लागणार नाही अशा ठिकाणी, ते चालवून तपास. सरासरी वेग जुळला म्हणून समाधान मानू नकोस. याबाबत मी स्वतः एकदा चुकलो आहे. एका ग्राहकाच्या शाखेसाठी १०० एमबीपीएसच्या लिंकचं उपकरण तपासायचं होतं. मी ठरीव वेगाचं मिश्र ट्रॅफिक दोन तास सोडलं, एक पॅकेट गळालं नाही, आणि अहवालावर सही केली. बसवल्यावर रोज सकाळी दहाला फोनवरचे आवाज तुटायला लागले. पाच-पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख दाखवत होता ३० टक्के. उपकरणाचा बफर होता ६४ पॅकेट्सचा, म्हणजे ९६ केबी. आतल्या बाजूने ट्रॅफिक १ जीबीपीएसने येत होतं, बाहेर जात होतं १०० एमबीपीएसने. असा बफर भरायला एक मिलिसेकंदही लागत नाही. पाच मिनिटांत तीन लाख मिलिसेकंद असतात. त्यातल्या काही शेकड्यांत काय झालं हे सरासरीत दिसणारच नव्हतं. आठवडाभर तिथल्या लोकांना ऐकू न येणारे फोन झेलावे लागले, ते माझ्या सहीमुळे.

म्हणून १ मिलिसेकंद, १०, १०० आणि १ सेकंद, अशा चार खिडक्यांवर चढउतार मोज आणि तुझ्या नोंदीच्या शेजारी ठेव. फक्त नोंदीतला असा काळ निवड जेव्हा लिंक भरलेली नव्हती. एकाच वेळी चालू असलेले प्रवाह, प्रवाहांचे आकार, जाण्यायेण्याच्या वेळा, हेही शेजारी ठेव. तासाभराची नोंद सलग एक समजू नकोस; जेवणाआधीची वीस मिनिटं आणि नंतरची वीस मिनिटं वेगळी निघतील, परीक्षेच्या आदल्या रात्रीची आणि सामन्याच्या रात्रीची तर फारच.

जड शेपटीची एक अडचण शेवटपर्यंत पिच्छा पुरवते. साध्या वितरणात सरासरीतली चूक निम्मी करायला चौपट नमुने लागतात. घातांक १.२ असला की ६४ पट लागतात. वरच्याच आकड्यांत, १० टक्के बाइट्स १ जीबीहून मोठ्या फाइलींमधले असतात, पण अशी फाइल दहा लाखांत एखादी. दहा मिनिटांच्या फेरीत तुझ्याकडे जेमतेम पावणेदोन लाख फाइली येतील, म्हणजे बहुतेक फेऱ्यांत ती येणारच नाही आणि भार ठरवल्यापेक्षा कमी भरेल. एखाद्या फेरीत आली तर सगळे आकडे हलतील. त्यामुळे शेपूट कुठे कापली ते ठरव, भाराचा हिशेब कापलेल्या शेपटीवर कर, आणि प्रबंधात तो आकडा स्पष्ट लिही. प्रत्येक मांडणीच्या निदान वीस फेऱ्या कर, सुरुवातीची दोन मिनिटं सोडून दे, आणि साध्या रांगेला व एफक्यू-कोडेलला त्याच क्रमाने त्याच फाइली मिळतील अशी यादृच्छिक बीजं जोडीने वापर.

मोजायचं काय, तर एकूण वेग नको. १५ केबीपर्यंतच्या फाइली किती वेळात पूर्ण झाल्या, १५ केबी ते १ एमबीच्या किती वेळात, त्याहून मोठ्या किती वेळात, हे तीन गट वेगळे दाखव, मध्यक आणि ९५ वा शततमक दोन्ही. व्हिडिओ किती वेळा अडकला ते दे. रात्रीचं रखडणं मुलींना याच आकड्यांत जाणवतं.

आणि ती मूळ नोंद: पुढे वापरायची असेल तर फक्त पॅकेट्सची शीर्षं (हेडर) ठेव, आतला मजकूर काढून टाक, पत्ते उपसर्ग जपणाऱ्या पद्धतीने (एका जाळ्यातले पत्ते बदलल्यावरही एकाच जाळ्यातले दिसतील असे) बदल आणि मूळ फाइल पुसून टाक. तुझ्याच मैत्रिणी कुठल्या वेळी कुठे होत्या याची ती यादी आहे. ती पेनड्राइव्हवर फिरता कामा नये. आधी पहाटेच्या नोंदीतून जाण्यायेण्याच्या वेळांचा आलेख काढ. तो हातात आला की विलंबाचे किती गट करायचे ते ठरवता येईल, माझ्या अंदाजाने चार पुरतील.